वाघोडीच्या दाराचा रंग

"सांगतो," चंपतराव ठवकर म्हणाले, "पण आधीच बोलून ठेवतो. यातल्या एकाही शब्दावर तुमचा विश्वास बसणार नाही."

ओट्यावर बसलेल्या दोघांनी निमूट माना डोलावल्या. चंपतरावांवर विश्वास न ठेवायची सक्करदऱ्यातल्या त्या गल्लीला सवयच होती. कळमन्याच्या बाजारात छत्तीस वर्षं मापारी म्हणून काट्याशी उभा राहिलेला हा माणूस. धान्याच्या मापात कधी मूठभराची चूक केली नाही, पण सगळी कसर बोलण्यात भरून काढली. त्यांच्या गोष्टीतला अजगर दर दिवाळीला हातभर वाढतो. सध्या तो तलावाला वेढा घालून उरेल एवढा झाला आहे.

ऐकणारे दोघे म्हणजे शेजारचे कृष्णकांत, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू अमोल. आतल्या बाजूला, उंबऱ्याजवळ, रुखमाबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्या ऐकत नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं.

तर गोष्ट सुरू होते एका दारापासून.

दार रुखमाबाईंच्या माहेरचं. माहेर नदीकाठची वाघोडी. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात धरण भरलं आणि वाघोडी पाण्याखाली गेली. घर, विहीर, मारुतीचा पार, सगळं गेलं. फोटो एकही नाही. त्या काळी फोटो काढायचा तर तालुक्याला जावं लागे, आणि दार उचलून तालुक्याला नेण्याची पद्धत वाघोडीत नव्हती.

रुखमाबाईंच्या मते दार हिरवं होतं. चंपतरावांच्या मते निळं. लग्नानंतर चौथ्या दिवशी हा वाद निघाला आणि अठ्ठेचाळीस वर्षं टिकला. दोन मुलांची शिक्षणं झाली, घरावर मजला चढला, चंपतरावांचे गुडघे गेले, पण दार आपल्या जागी कायम.

"मी नवरदेव म्हणून त्या दारासमोर अर्धा तास उभा होतो," चंपतराव म्हणत.

"तुम्ही बाशिंगातून पाहून राहिले होते," रुखमाबाई म्हणत. "मी त्या दारात एकोणीस वर्षं राहिली."

तिथवर सगळं ठीक होतं. संसाराला असा एखादा वाद लागतोच, नाहीतर पावसाळ्याच्या दुपारी माणसानं करायचं काय? पण मागच्या दिवाळीनंतर एकदा चंपतरावांनी नेहमीसारखं "निळं" म्हटलं आणि रुखमाबाई भांडल्याच नाहीत. पोळी लाटता लाटता हळूच म्हणाल्या, "असंन निळं. मले आता दिसत नाई ते. डोळे मिटले का नुसतं पाणी दिसते."

अठ्ठेचाळीस वर्षांनी चंपतराव जिंकले. आणि त्या दिवशी त्यांना पोळी गिळेना.

पुढच्याच महिन्यात पेपरात बातमी आली. थोर चित्रकार गिरिधर ढोमणे यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन धरमपेठेत भरलंय आणि बघायला ही गर्दी लोटलीय! सोबत एका चित्राचा फोटो. नाव 'वाघोडीची पंगत'. मारुतीच्या पारापुढं आंब्याखाली जेवायला बसलेलं गाव. रुखमाबाईंनी पेपर नाकाशी धरला, मग लांब धरला, मग चष्म्यावर चंपतरावांचा चष्मा लावला. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, एका पत्रावळीच्या मागं, अंगठ्याच्या नखाएवढं एक दार होतं.

"आमचं दार," त्या म्हणाल्या.

पेपर काळा-पांढरा. दार करड्या रंगाचं.

"उद्या जाऊ," चंपतराव म्हणाले. "जाऊन पाहून येऊ. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते पुढच्या आठ दिवसांत त्यांना समजलं.

पहिली गोष्ट म्हणजे प्रदर्शन बघायला नुसते डोळे असून भागत नाही, मोबाइलवर नाव नोंदवावं लागतं. हे काम नात भूमिकानं अंगावर घेतलं. फॉर्ममध्ये 'आपण कोण?' असा प्रश्न होता आणि खाली चार पर्याय: चित्रकार, विद्यार्थी, रसिक, इतर.

"आबा, तुम्ही कोण?" भूमिकानं विचारलं.

"मापारी."

"ते नाही यात. रसिक टाकू?"

चंपतरावांना हा शब्द जरा उठवळ वाटला. या वयात, नातीच्या हातून, बायकोच्या देखत! "इतर टाक," ते म्हणाले. पण 'इतर'वर बोट ठेवलं की फॉर्म 'कृपया स्पष्ट करा' म्हणे, आणि स्पष्ट करायला दोन अक्षरांचीच जागा. शेवटी चंपतराव नाइलाजानं रसिक झाले. मोबाइलवर पास आला: शनिवार, चार ते पाच.

आता खरं तर शनिवारी जायचं. पण शुक्रवारी कृष्णकांत आले.

"शनिवारी?" ते म्हणाले. "अहो ठवकर, शनिवारी अर्धं नागपूर तिथे असतं. रविवारी जा. शेवटचा दिवस, सगळे आधीच पाहून गेलेले असतात."

"पण पास शनिवारचा आहे जी."

"मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलीत. तारीख ही फक्त छापायला असते. पासची प्रिंट काढा, तीन प्रती. आधार कार्डाची झेरॉक्स. दोन पासपोर्ट फोटो. तुमच्या सौभाग्यवतींचं माहेर वाघोडीच होतं याचा काही दाखला असेल तर तोही असू द्या. फाइल जाड दिसली की कुणी उघडून बघत नाही."

"असं मी म्हणालो नव्हतो," ओट्यावरचे कृष्णकांत इथं म्हणाले.

"म्हणाले होते," आतून, न ऐकणाऱ्या रुखमाबाई म्हणाल्या.

रविवारी साडेतीनला दोघं धरमपेठेत पोचले. चंपतरावांच्या काखेत फाइल. तिच्यात पास, झेरॉक्सा आणि धरणग्रस्तांच्या यादीतलं सासऱ्यांच्या नावाचं पान. रुखमाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत डब्यात बेसनाचे लाडू घेतले होते. माहेरी जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत.

रांग पाहून चंपतरावांच्यातला मापारी जागा झाला. साडेतीनशे माणूस, सरासरी साठ किलो, म्हणजे दोनशे दहा क्विंटल. कळमन्यात एवढा माल असता तर त्यांनी जेवणाआधी मोकळा केला असता. इथं रांग सरकायला तास लागला. फाटकाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी होती. ओळखपत्रावर दिपाली असं नाव होतं. तिनं फाइलच्या जाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पास घेतला.

"आजोबा, हा कालचा आहे."

"तारीख फक्त छापायला असते पोरी."

"नाही ना आजोबा. आज सगळे स्लॉट फुल्ल आहेत. सहा वाजता प्रदर्शन बंद. उद्या पॅकिंग, परवा सगळे पेंटिंग्ज बाहेरगावी जाणार."

चंपतरावांनी मागं वळून पाहिलं. रुखमाबाई फाटकाच्या आत काचेच्या दारापलीकडं काही दिसतंय का, म्हणून टाचा उंचावून पाहत होत्या. सत्तरीला टेकलेली बाई, टाचा उंचावून!

त्यांना पाहिलं आणि चंपतरावांच्या तोंडून ते निघून गेलं.

"ढोमणे साहेबाची बहीण आहे ही. भावाचं चित्र पाहाले आली."

आता, हे धडधडीत खोटं होतं असं ज्याला वाटत असेल तो आमच्या भागातला नाही. इकडं पोरीच्या माहेरच्या गावातला प्रत्येक पुरुष तिचा भाऊ. कुंभार असो, पाटील असो, की बसस्टँडवर भेटलेला अनोळखी म्हातारा असो, "मी वाघोडीचा" म्हणाला की संपलं. बाई डोक्यावरून पदर घेणार, चहा ठेवणार आणि जाताना त्याच्या पाया पडणार. ज्या अर्थी ढोमण्यांनी वाघोडीची पंगत काढली, त्या अर्थी ते वाघोडीचे. ज्या अर्थी वाघोडीचे, त्या अर्थी भाऊ. चंपतरावांच्या हिशेबी काटा बरोबर होता. फक्त दिपालीला हे माप माहीत नव्हतं.

"सरांची सिस्टर?" ती ओरडली. वॉकीटॉकीत काहीतरी बोलली. आणि मग जे झालं ते चंपतरावांच्या हातात राहिलं नाही.

दोन माणसं धावत आली. एकानं फाइल घेतली, दुसऱ्यानं लाडवांची पिशवी. रांगेनं वाट करून दिली, काही जणांनी नमस्कार केला. एक बाई तर रुखमाबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "सरांचेच डोळे." दोघांच्या छातीला 'कुटुंबीय' असे बिल्ले लागले. कालपर्यंत रसिक असलेला माणूस एका रात्रीत कुटुंबीय झाला.

आत समारोपाचा कार्यक्रम मांडला होता. मंच कुठं बांधलेला? बरोबर 'वाघोडीची पंगत' या चित्रासमोर. चित्र केवढं, तर भिंतीएवढं. आणि त्याच्या खालच्या निम्म्या भागावरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, 'समारोप सोहळा' असा फलक बांधलेला. वर आंब्याचा शेंडा आणि मारुतीच्या देवळाचा कळस दिसत होता. दार फलकामागं.

रुखमाबाईंना मंचावरच्या सोफ्यावर बसवलं. चित्राकडं पाठ करून.

त्यांनी मान वळवली. फोटोवाला म्हणाला, "आजी, इकडे पाहा." त्यांनी दुसऱ्या बाजूनं मान वळवली. तेवढ्यात कुणीतरी गळ्यात हार घातला आणि मान अडकली. मग शाल आली, नारळ आला, दोन भाषणं आली. पाच वाजून दहा मिनिटं. वीस. चंपतरावांनी शेजारच्या संयोजकाला हळूच विचारलं, "हा फलक जरासा बाजूला नाही होत का जी?"

"सरांच्या हस्ते काढायचाय," संयोजक म्हणाला. "सर निघालेत. तोवर ताईंनी भावाच्या बालपणाच्या दोन आठवणी सांगाव्यात."

माइक रुखमाबाईंच्या पुढं आला. चंपतरावांनी बिल्ल्यावर हात ठेवला. ही बाई जन्मात खोटं बोललेली नाही. भाजीवाल्याला "काल तू दोन वांगे जास्त दिले" म्हणून परत करणारी बाई! आता सगळं उघडं पडणार, छातीवरचे बिल्ले निघणार, दार तसंच फलकामागं राहणार.

रुखमाबाईंनी पदर सावरला.

"आमच्या वाघोडीत," त्या म्हणाल्या, "सगळेच भाऊ होते. सगळ्याइचे नाक गळत. माह्या या भावाचं बी गळत असंन."

हॉलभर टाळ्या. एका पत्रकारानं हे अक्षर न् अक्षर लिहून घेतलं.

इथं माणसानं देवाचे आभार मानून गप्प बसावं. पण चंपतरावांसमोर माइक होता, आणि समोर तीनशे माणसं तोंड उघडून बसली होती. अशी संधी त्यांना ओट्यावर कधी मिळाली नव्हती. ते उठले.

"साहेब सहा वर्षांचे असतील," ते म्हणाले. "त्याइनं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं वाघ काढला. सकाळी पाहतो तर काय, चारही बैल दावं तोडून पसार! तिसऱ्या दिवशी पाटलानं वाघाच्या तोंडावर चुना फासला, तेव्हा कुठी बैल घरी आले."

टाळ्या थांबेनात. आणि त्या टाळ्यांत मागून एक बारीक, म्हातारी टाळी वेगळी ऐकू आली. लोक वळले. चाकाच्या खुर्चीत गिरिधर ढोमणे बसले होते. पांढरी दाढी, अंगात साधा सदरा, वय ऐंशीच्या वर.

"हा वाघ मी साफ विसरलो होतो," ते म्हणाले.

खुर्ची मंचावर आली. संयोजक हरखून म्हणाला, "सर, सरप्राइज! तुमची बहीण आली आहे."

"मला बहीण नाही," ढोमणे म्हणाले. "मी एकटाच."

संयोजकाचा चेहरा बदलला. दिपाली फाटकाकडून धावत येताना दिसली. एकानं रुखमाबाईंच्या खांद्यावरची शाल हळूच ओढायला सुरुवातसुद्धा केली.

चंपतराव चित्रकारासमोर उभे राहिले. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी खरं विचारलं.

"साहेब, तुम्ही वाघोडीत जेवले होते का नाही?"

"जेवलो होतो. तीन दिवस."

"कोणाच्या घरी?"

"पाराजवळच्या घरी. एका ठवरे नावाच्या माणसाकडं."

"त्या ठवऱ्याची ही पोरगी. तुम्ही वाघोडीचं अन्न खाल्लं, म्हणजे तुम्ही गावचे. गावचे म्हणजे भाऊ झाले का नाही? बाकी वाघाचं मी जोडलं, त्याची माफी मागतो. आम्हाले काही सत्कार नको. फक्त त्या फलकामागं हिच्या घराचं दार आहे, तेवढं पाहू द्या. मग हाकलून द्या."

ढोमण्यांनी रुखमाबाईंकडं नीट पाहिलं. मग ज्यानं शाल ओढली होती त्याच्या हातातून शाल घेतली आणि स्वतः त्यांच्या खांद्यावर घातली.

"तू मला आठवत नाहीस बाई," ते म्हणाले. "तुझा बाप आठवतो. फलक काढा रे."

दोरी सुटली. फलक खाली आला. भर उन्हातली वाघोडी समोर उभी राहिली. पत्रावळी, वरणाची बादली घेऊन वाकलेला माणूस, पंगतीत शिरू पाहणारं कुत्रं. आणि उजव्या कोपऱ्यात दार.

हिरवं.

पोपटी नाही, शेवाळी नाही. नव्या भाताच्या रोपासारखं ठसठशीत हिरवं. अठ्ठेचाळीस वर्षांचा वाद एका नजरेत निकालात निघाला, आणि आपण हरलो याचा चंपतरावांना इतका आनंद झाला की शेजारी उभ्या असलेल्या संयोजकालाच त्यांनी मिठी मारली.

"बाकी चित्रात असा हिरवा कुठीच नाई," रुखमाबाई म्हणाल्या. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "आंबा बी असा नाई."

ढोमणे हसले. "बरोबर पकडलंस. माझा हिरवा आंबा रंगवण्यातच संपला होता. दार तसंच राहिलेलं. तुझा बाप तेव्हा दार रंगवत होता. पोरीचं लग्न आहे म्हणाला पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, ठवरे, थोडा रंग देता? त्यानं डबाच पुढं केला. म्हणाला, दाराले दाराचाच रंग लावा. मी बोटानं लावला. हे माझ्या रंगाचं दार नाही. हे तुमच्या दाराच्याच रंगाचं आहे."

रुखमाबाईंनी हात पुढं केला, मग चित्राला हात लावायचा नसतो म्हणून बोटभर अंतरावर थांबवला. पहारेकरी पुढं सरकला. ढोमण्यांनी त्याला नुसत्या मानेनं थांबवलं.

"लाव," ते म्हणाले. "दार तुझंच आहे."

ओट्यावर कृष्णकांतांनी चष्मा काढून पुसला. खरं सांगायचं तर या गोष्टीतला एकही शब्द आपल्याला खोटा वाटला नाही, याचंच दोघांना नवल वाटत होतं. चंपतरावांनी घसा खाकरला.

"त्यानंतर साहेबांनी डबा उघडून दोन लाडू खाल्ले. तिसरा खिशात घातला. सहा वाजले तरी आम्हाले कोणी उठवलं नाही. देव त्या माणसाचं भलं करो. पण पोरांनो, हे बायकांचं काळीज! दाराले हात लावला आन् हिच्या डोळ्याले अशी धार लागली का काय सांगू. थांबेच ना. मीच आपला खंबीर. माह्या रुमालानं हिचे डोळे पुसले, म्हटलं, रडू नको वं, लोकं पाहून राहिले..."

शेंगांचं सूप बाजूला सरकवल्याचा आवाज आला. रुखमाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"खोटं!" त्या म्हणाल्या. "साफ खोटं! रडले तुम्ही. हुंदके देऊ देऊ रडले. मी कशाले रडन? मी दार पाहून राहिली होती. तुमचे डोळे पुसता पुसता माहे दोन मिनिटं वाया गेले, ते कोण भरून देईन?"